सावतोबांचा मळा

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ आणि भरल्या वांग्यांचे ताट त्या दिवशी मनसोक्त जेवून घ्यावे आणि एकादशीपासून चार महिने कांदा, लसूण व वांगे यांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे, हा क्रम अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. करवीरक्षेत्रातील कितीतरी सोवळ्याच्या घरांतून परवा रात्री कांद्याची टोपली नजरेआड झाली असेल. आज देवशयनी एकादशी. आणि आज ज्या संताचे चरित्र सांगावयास बसलो आहे, त्या अरणगावच्या सावता माळ्याला पंढरीचा देव भेटला तो नेमका या टोपलीत! या योगायोगाचा विचार माझ्या मनात पुष्कळ वर्षे घोळत आहे.

सावतोबांचा जन्म परंपरेप्रमाणे शके ११७२ मधला, म्हणजे इ. स. १२५० चा. आजोबा देवू माळी हे मूळचे औसे गावचे. ते अरण येथे येऊन स्थायिक झाले असे सांगतात. वडिलांचे नाव परसोबा, आईचे नांगिताबाई. घरात विठ्ठलभक्ती जुनी आणि दारिद्र्यही जुनेच. आज हे अरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात मोडनिंबजवळ आहे. भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. पंढरपूर तेथून दूर नाही. धट्ट्याकट्ट्या माणसाने पहाटे निघावे आणि फार तर दुसऱ्या दिवशी महाद्वारी उभे राहावे, इतकेच ते अंतर. जवळच्याच भेंड गावच्या माळी घराण्यातील जनाबाईशी त्यांचा विवाह झाला आणि विठ्ठल व नागाताई अशी दोन अपत्ये त्यांना झाली. त्या काळी देवगिरीस यादवांचे राज्य होते. नामदेवराय सावतोबांहून वीस वर्षांनी लहान, ज्ञानेश्वर माऊली पंचवीस वर्षांनी. म्हणजे ज्या संतमेळ्याचे आपण नित्य गुणगान करतो, त्यातील हे वयाने ज्येष्ठ. आणि तरीही त्या मेळ्यात आपल्याला सावतोबा क्वचितच दिसतात, कारण ते आपल्या मळ्यातच होते.

पंढरपूर एवढे जवळ असून हा विठ्ठलभक्त वारीला गेला नाही, अशीच सर्व परंपरा सांगते. लहानपणी मला याचे मोठे कोडे पडे. सातशे मैलांवरून माणसे येतात आणि हा शेजारचा मनुष्य घरी बसतो, ही कसली भक्ती? पुढे कीर्तनाला उभा राहू लागलो तेव्हा मीही इतरांप्रमाणे त्याचे एक ठरीव उत्तर देऊ लागलो, की ज्याला सर्वत्र देव दिसतो त्याला कोठे जाण्याची गरज नसते. उत्तर खोटे नाही. पण त्यात सावतोबांचा मळा कोठेच नाही. ते कोणाही वेदान्त्याला लागू पडावे.

माळ्याचे काम काय असते हे जाणल्याशिवाय या चरित्राला हात घालू नये, असे आता मला वाटते. ज्वारी-बाजरी करणारा कोरडवाहू शेतकरी पेरणी उरकतो, आभाळाकडे पाहून हात जोडतो आणि वारीला निघतो. मागे पीक पावसाच्या हवाली असते. भाजीपाल्याला ती सवड नसते. रोप टाकावे, ते उपटून वाफ्यात लावावे, चार दिवस त्याची मान ताठ होते की नाही हे पाहावे, तण खुरपावे, भर द्यावी, आणि पाण्याची पाळी तर चुकवून चालतच नाही. आम्हां कोल्हापूरकरांना हे लवकर उमगत नाही, कारण आमच्याकडे आषाढ म्हणजे पावसाची झड आणि पंचगंगेला पूर. अरणचा आषाढ तसा नसतो. तेथे दोन सरी येतात आणि पुढे आठ-पंधरा दिवस नुसता वारा सुटतो. अशा वेळी विहिरीवर मोट चालवावी लागे. नाडा मोटेला बांधलेला, बैल धावेवरून उतरतात, चामड्याची मोट भरून वर येते, थारोळ्यात ओततो तो एवढा मोठा पाण्याचा लोट, पण पाटाने वाहत वाफ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याची करंगळीएवढी धार झालेली असते. एक वाफा भरला की खोऱ्याने दार मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यायचे. हे करणाऱ्या माणसाने आठ दिवस गाव सोडले, तर परत आल्यावर त्याला वाफ्यात केवळ काड्या सापडतील. सावतोबांनी मोट, नाडा, विहीर, दोरी यांतच पंढरी पसरलेली पाहिली, असे त्यांच्या अभंगात येते ते याच श्रमातून आले आहे.

येथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी कागल तालुक्यातील एका गावी एकादशीच्या कीर्तनात मी उत्तररंगाला सावतोबांचे आख्यान लावले होते. आषाढाचे वर्णन चालू होते. सावतोबा वाफ्यात बसून गरगरीत कांदे उपटीत आहेत, असे चित्र मी मोठ्या तन्मयतेने उभे केले. श्रोत्यांनीही माना डोलावल्या. आरती झाल्यावर एक वृद्ध शेतकरी पाया पडण्यास आले आणि अत्यंत नम्रपणे त्यांनी विचारले की बुवा, आषाढात कांदा जमिनीत कुठला? उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात निघतो. आषाढात तो घरात पसरून ठेवलेला असतो आणि दमट हवेने त्याला कोंब फुटू लागतात. म्हणून तर नवमीला तो खाऊन संपवायचा. मला उत्तर सुचले नाही. चाळीस वर्षे व्याकरण आणि अलंकार शिकलो, अमरकोश मुखोद्गत केला. त्यात कांद्याला सुकन्दक म्हणजे उत्तम कंद असे गोड नाव आहे हेही मला ठाऊक होते. पण तो केव्हा जमिनीतून निघतो हे ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर मी टोपलीतला कोंब फुटलेला एक कांदा परड्यात लावला. आमच्या पावसाने तो आठवड्यात कुजला. दिवाळीनंतर दुसरा लावला तो मात्र जगला. रोज स्नानानंतर तुळशीला पाणी घालताना मी त्याच्याकडे पाहू लागलो. तेव्हा प्रथम लक्षात आले की कांद्याची पात पोकळ असते आणि नवे पान जुन्या पानाच्या पोटातून बाहेर येते. ज्याला आपण कांद्याचे पापुद्रे म्हणतो ते या पानांचेच जाड झालेले बुडखे होत. एकाने दुसऱ्याला कवटाळलेले, आणि त्यांत पुढच्या जन्माची शिदोरी साठवलेली. म्हणूनच तो टोपलीत, मातीवाचून आणि पाण्यावाचून कोंब काढू शकतो. माघात त्यातून एक पोकळ दांडा वर आला. त्याच्या टोकाला कागदासारख्या पातळ पडद्यात गुंडाळलेला गोंडा होता. पडदा फाटला आणि शेकडो इवलीशी पांढरी फुले उमलली; प्रत्येकीला सहा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवी रेघ. मधमाश्यांनी ती जागा दिवसभर सोडली नाही. साठी ओलांडेपर्यंत मी कांद्याचे फूल पाहिले नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो.

मग सवयच लागली. पुढच्या वर्षी कोथिंबीर पेरली. धना हा एक दाणा दिसतो, पण ती दोन बियांची जोडी असते. माळी तो पेरण्यापूर्वी जमिनीवर रगडून दुभंगतात ते यासाठी. तिची खालची पाने पंख्यासारखी रुंद असतात आणि फुलावर येऊ लागली की वरची पाने दोऱ्यासारखी बारीक होतात. एकाच झाडावर दोन वेगळ्या झाडांची पाने असावीत असे वाटते. मुळा वेळेवर उपटला नाही तर तो फुलतो आणि त्याला डिंगऱ्या लागतात. दोडक्याचे पिवळे फूल सकाळी उमलत नाही. दिवस कलल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास ते उघडते. त्याच वेलाचा ताणा आधाराला धरला की निम्मा एका दिशेने पीळ घेतो आणि निम्मा उलट्या दिशेने, त्यामुळे वाऱ्याने हिसका बसला तरी तो तुटत नाही. यांतले काहीही पाहावयास मला कोठे जावे लागले नाही. परडे आमचे आठ हात लांब आणि पाच हात रुंद.

सावतोबांनी हे सारे आयुष्यभर, रोज, दोन्ही संध्याकाळच्या मध्ये पाहिले असले पाहिजे. त्यांनी ते वर्णन करून सांगितलेले नाही. त्यांनी फक्त भाज्यांची नावे घेतली आणि ती विठ्ठलाची नावे म्हणून घेतली. नामस्मरणाची एवढी विलक्षण माळ दुसऱ्या कोणा संताने ओवली असेल असे मला वाटत नाही. गोरोबांनी मडक्याचे, नरहरींनी सोन्याचे, सेना महाराजांनी आपल्या व्यवसायाचे दृष्टान्त दिले. पण दृष्टान्त देणे निराळे आणि मुळ्याच्या जुडीलाच देव म्हणणे निराळे.

त्यात त्यांनी कोणत्या भाज्या निवडल्या हेही पाहावे. कमळ नाही, तुळस नाही, पारिजात नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना जे निषिद्ध सांगितले त्यात लसूण आणि कांदा अग्रभागी आहेत. लसणाचे संस्कृत नाव रसोन. सहा रसांपैकी एका, आम्ल रसाने उणा म्हणून रसोन अशी त्याची व्युत्पत्ती वैद्य सांगतात. पाच रस अंगी असूनही तो पंक्तीबाहेरच राहिला. सावतोबांनी हे निषेध ऐकले नसतील असे नाही. यादवकाळ हा व्रतवैकल्यांच्या भराचा काळ होता. हेमाद्रीचा चतुर्वर्गचिन्तामणि त्याच काळी रचला गेला आणि त्यातील व्रतखंड आजही आमच्या हाताशी असतो. त्या काळात एका माळ्याने उभे राहून आपल्या वाफ्यातील उग्र वासाच्या कंदाला हरी म्हणावे, हे धैर्य होते. चातुर्मासाचा नियम मीही पाळतो आणि कोणी मोडावा असे सांगत नाही. परंतु टोपली उचलून ठेवणारा हात ती वस्तू अपवित्र आहे या भावनेने उचलतो, की आवडती वस्तू देवासाठी चार महिने सोडतो, यात अंतर आहे. सोवळ्यात असताना कांद्याला शिवले म्हणून माझ्या घरात एकदा एका लहान मुलीला फार बोलले गेले. बोलणारा मीच होतो. त्याच रात्री मला सावतोबांवर कीर्तन करावयाचे होते.

आता एक शंका. त्या प्रसिद्ध अभंगात लसूण व कोथिंबिरीच्या जोडीला मिरचीचे नाव येते. मिरची हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज दर्यावर्दी १४९८ साली कालिकतला आले आणि १५१० साली त्यांनी गोवा घेतला. त्यानंतरच मिरची आपल्या भूमीत रुजली. सावतोबांना समाधिस्थ होऊन तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे झाली होती. म्हणजे अरणच्या मळ्यात मिरची असणे शक्य नाही. तिचे नावही आपण मरिच या काळ्या मिऱ्याच्या नावावरून पाडले. मूळ अभंगात मिरीच असेल असे म्हणावे, तर कोकणा-मलबाराच्या ओलाव्यात वाढणारा मिऱ्याचा वेल माढ्याच्या कोरड्या रानात तग धरणारा नव्हे. तेव्हा तो शब्द मुखपरंपरेत नंतर शिरला असावा, असे मला वाटते. सावतोबांचे अभंग काशिबा गुरवाने लिहून ठेवले अशी परंपरा आहे. आज त्यांतील सदतीसच काय ते उपलब्ध आहेत. त्या लिखाणापासून आपल्यापर्यंत किती कंठ आणि किती बोरू मध्ये आले असतील! एखाद्या अभ्यासकाला यात पाठभेदाचा दोष दिसेल. मला मात्र यात एक निनावी माळी दिसतो. परदेशाहून आलेले एक नवे रोप त्याने वाफ्यात लावले, त्याला लाल फळ धरलेले पाहिले आणि अभंग म्हणता म्हणता तेही नाव सहज विठ्ठलाच्या माळेत ओवून टाकले. सावतोबांना ते आवडले असते अशी माझी समजूत आहे.

संसारात सावतोबा कसे होते, याविषयी एकच गोष्ट सांगतात. एकदा सासुरवाडीची मंडळी घरी आली. सावतोबा भजनात इतके रंगले होते की पाहुण्यांकडे त्यांचे लक्षच गेले नाही. जनाबाई संतापल्या. पुढे सावतोबांनी त्यांची समजूत घातली आणि प्रपंचातच परमार्थ कसा साधतो हे सांगितले, असे कथेत येते. कीर्तनकार येथे जनाबाईंना अज्ञानी ठरवून पुढे सरकतात. मी तसे करीत नाही. दारात पाहुणे, चुलीवर काही नाही आणि घरधनी डोळे मिटून बसलेला, राग येणारच. मोटेमागे सावतोबा असतील, तर खुरपायला, भाजी काढायला आणि बाजारी न्यायला जनाबाई असल्याच पाहिजेत. त्या मळ्याची अर्धी भक्ती त्यांच्या नावावर जमा आहे.

ताहराबादच्या महिपतीबोवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तविजयात सावतोबांची जी कथा सांगितली आहे ती सर्वांना ठाऊक आहे. पैठणचा कूर्मदास हातपाय नसलेला. तो सरपटत पंढरीस निघाला आणि लऊळ येथे थकून राहिला. त्याला भेटावयास पांडुरंग ज्ञानदेव व नामदेव यांना घेऊन निघाले. वाटेत अरण लागले. देवांना सावतोबांची आठवण झाली. बरोबरच्या दोघांना चकवून ते धावत मळ्यात शिरले आणि दोन चोर पाठीस लागले आहेत, मला लपव, असे म्हणाले. सावतोबांनी इकडे तिकडे पाहिले. वांग्याचे झुडूप उंचीला अपुरे, वेलाचा मांडव उघडा. अखेर हातातील खुरप्याने त्यांनी आपले पोट फाडले, देवाला आत घेतले आणि वरून कांबळे गुंडाळले. नामदेव शोधीत आले, व्याकूळ झाले, आणि शेवटी त्यांची भेट झाली.

या कथेत मला भिडते ते खुरपे. सावतोबांच्या हाती शस्त्र नव्हते, पोथी नव्हती, टाळही नव्हते. तण काढता काढता ते उठले आणि तेच हत्यार त्यांनी स्वतःवर चालवले. आणि हेही पाहावे की देव मळ्यात आले तेव्हा सावतोबा तेथे होते. वारीला गेले असते तर भेट चुकली असती. पंढरीचा देव तसाही थांबण्यास सरावलेला आहे. पुंडलिकाने मायबापांचे पाय चेपता चेपता विट भिरकावली आणि देव तिच्यावर उभे राहिले. कर्तव्य टाकून दर्शनाला आलेल्या भक्तासाठी देव थांबला, अशी कथा मात्र माझ्या वाचनात नाही. सावतोबा चाळीस वर्षांचे असताना, १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या अठराव्या अध्यायात माऊलींनी आपापल्या कर्माची फुले वाहून ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे. नेवाशाला हा विचार ओवीत उतरत होता तेव्हा अरणला एक मनुष्य त्याच विचाराला खतपाणी घालीत होता.

शके १२१७ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला, १२९५ साली, सावतोबांनी अरण येथेच देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. पुढच्याच वर्षी अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला आणि त्याच वर्षी आळंदीला माऊली समाधिस्थ झाल्या. सावतोबांनी यांतले काही पाहिले नाही. त्यांची समाधी त्याच मळ्याच्या भूमीत आहे.

गुडघ्यांमुळे पंढरीची पायी वारी माझ्याच्याने होत नाही. आज सकाळी कोल्हापूरहून दिंडी निघाली तिच्याबरोबर पुईखडीच्या रिंगणापर्यंत जाईन, नंदवाळला विठ्ठलाचे दर्शन होईल, रात्री कीर्तन आहे. उत्तररंग सावतोबांचाच. अभंग गाताना मिरचीचा शब्द आला की तो परंपरेने दिला तसाच गातो. आख्यानात वाफ्यांचे वर्णन करताना मात्र ती जागा मोकळी ठेवतो.

आज देशभरातील संतांच्या पालख्या पंढरपुरात आहेत. सावतोबांची पालखी त्यांत नाही. ती पंढरीस जात नसते. आजपासून अठरा दिवसांनी, वद्य चतुर्दशीच्या पुण्यतिथीला, खुद्द पांडुरंगाची पालखी पंढरपूर सोडून अरणला येते. ती वाट मोडनिंबच्या रानातून जाते, आणि त्या सुमारास दोन्ही बाजूंच्या शेतांतून खुरपणी चाललेली असते.